बाई आणि मांजर: एका जोडीची जुळवलेली वंशावळ

इजिप्तमध्ये मांजर देवी होती, मध्ययुगात चर्चने तिला सैतानाची ठरवलं, मग ती चेटकिणीच्या खांद्यावर बसली आणि आता एकट्या राहणाऱ्या बाईच्या सोफ्यावर येऊन झोपली आहे. बाई आणि मांजर या जोडीचा इतिहास बहुतेक ठिकाणी असा चार पावलांत सांगितला जातो. सांगायला सोपा, आणि सोबत लावायला चित्रंही छान मिळतात. पण एकेक पुरावा हातात घेतला की ही चार पावलं एका वाटेवरची नाहीत हे दिसतं. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी घडलेल्या या गोष्टी आहेत. त्या एका दोऱ्यात ओवल्या गेल्या त्या बऱ्याच नंतर.

इजिप्तपासूनच बघू. बास्टेट ही देवी सुरुवातीला मांजर नव्हतीच, ती सिंहीण होती. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं पर-बास्ट, ज्याला ग्रीक लोक बुबास्टिस म्हणत, हे तिचं ठाणं. तिचं मांजरीचं रूप ठळक झालं ते इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या हजार वर्षांत. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. पाचव्या शतकात तिच्या जत्रेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. बायका आणि पुरुष एकाच नावेतून निघायचे, बायका टाळ-खुळखुळे वाजवायच्या, वाटेत गाव लागलं की काठावरच्या बायकांना ओरडून चिडवायच्या, नाचायच्या, वस्त्रं वर करायच्या. मुलं सोडून 7 लाख माणसं जमत आणि बाकी वर्षभरात जेवढी द्राक्षाची दारू लागते त्यापेक्षा जास्त त्या जत्रेत संपे, असं तो सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण जत्रेत बायका पुढे होत्या हे त्याच्या डोळ्यांत भरलं होतं.

थडग्यांमधल्या चित्रांत मांजर बहुधा घरमालकिणीच्या खुर्चीखाली असते. थीब्ज शहरातल्या नख्त नावाच्या माणसाच्या थडग्यात ती तिथे बसून मासा खाते आहे. यावरून मांजर म्हणजे स्त्री, प्रजनन, कामभावना असा अर्थ काढतात, आणि तो काही अंशी पटण्यासारखा आहे. पण इपुई नावाच्या कारागिराचं थडगं बघा. बायकोच्या खुर्चीखाली कानात डूल घातलेली मांजर आहे, आणि तिचं पिल्लू इपुईच्या स्वतःच्या मांडीवर. तिसरा आमेनहोतेप या राजाचा मुलगा, युवराज थुतमोस, याने आपल्या लाडक्या ता-मिऊ या मांजरीसाठी चुनखडीची कोरीव शवपेटी करवली होती. थोडक्यात, मांजर घराची होती आणि पुरुषांचीही होती. आणि नंतरच्या काळात देवळांत नवसाला वाहण्यासाठी मांजरं पाळून त्यांच्या ममी करत, त्यातल्या कित्येकांच्या माना मुद्दाम मोडलेल्या क्ष-किरणांत दिसल्या आहेत. म्हणजे 'इजिप्शियन मांजरांना पूजत' हे वाक्यही नुसतं तेवढंच म्हणून सोडून देता येत नाही.

मुख्य मुद्दा असा, की 1200 च्या आसपास युरोपात मांजरीबद्दल वाईटसाईट लिहिणाऱ्यांच्या मनात बास्टेट कुठेही नव्हती. त्यांचा रोख वेगळाच होता.

बाई आणि मांजर यांचं नातं जगात अनेक जागी आपापलं उगवलं आहे. बंगालात षष्ठी देवीचं वाहन मांजर. तिच्या व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरीवर घालते. मांजर देवीकडे गाऱ्हाणं नेते आणि सुनेचं प्रत्येक नवजात मूल नाहीसं होऊ लागतं. शेवटी सून क्षमा मागते तेव्हा मुलं परत मिळतात. इथे मांजर बाळंतपणाची राखणदार आहे. तिच्याशी कसं वागलात यावर वंश अवलंबून. जपानात गेइशांना, म्हणजे नाचगाण्याने मनोरंजन करणाऱ्या बायकांना, 'नेको', म्हणजे मांजर, म्हणत. त्यामागे एक साधं कारण सांगतात: त्या जे शामिसेन हे तंतुवाद्य वाजवत त्यावर मांजराचं कातडं ताणलेलं असे. एकीकडे देवी, दुसरीकडे वाद्याचं कातडं. दोन्हींना 'स्त्रीचं मार्जारत्व' असं भारदस्त नाव देऊन एकत्र बांधलं की दोन्हींतला खरा तपशील हातचा जातो.

भाषेचं कारणही पुढे केलं जातं. मराठीत मांजर नपुंसकलिंगी, तरी हाक मारताना ती मनी होते, माऊ होते, वाघाची मावशी होते. बोका शब्द मात्र आपण लबाड, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्या पुरुषासाठी राखून ठेवला आहे. जर्मनमध्ये मांजराचा सर्वसाधारण शब्द स्त्रीलिंगी आणि कुत्र्याचा पुल्लिंगी आहे, म्हणून जोडी जमली असं म्हणतात. मग फ्रेंचमध्ये तोच शब्द पुल्लिंगी असताना बायकांना मांजरीची उपमा द्यायला फ्रेंच माणूस कुठे अडला? व्याकरणाने फार तर उतार दिला असेल, पाणी सोडलं ते दुसऱ्याच कोणी.

आता युरोप. बाराव्या शतकाच्या शेवटी आणि तेराव्याच्या सुरुवातीला मांजर जोडली गेली ती पाखंडी मानलेल्या पंथांशी, बायकांशी नव्हे. आलँ द लील या धर्मपंडिताने तर 'कॅथर' या पंथाच्या नावाची एक व्युत्पत्ती थेट मांजरावरून लावली: म्हणे हे लोक मांजराच्या पार्श्वभागाचं चुंबन घेतात आणि त्या मांजराच्या रूपात सैतान येतो. 1233 मध्ये पोप नववा ग्रेगरी याने 'व्हॉक्स इन रामा' या नावाने ओळखलं जाणारं पत्र जर्मनीत पाठवलं, त्यातही ऱ्हाइनकाठच्या पाखंड्यांच्या दीक्षाविधीत काळं मांजर येतं. त्या विधीत पुरुषही आहेत, बायकाही.

या पत्राबद्दल एक चूक इतकी पसरली आहे की ती इथे थांबवायलाच हवी. पोपने मांजरं मारायचा हुकूम दिला, म्हणून युरोपातली मांजरं संपली, म्हणून उंदीर माजले आणि म्हणून 1347 ची प्लेगची साथ आली, असं सर्रास लिहिलं जातं. पत्रात मांजरं मारायचा हुकूम नाही. ते ठरावीक प्रदेशातल्या पाखंड्यांविरुद्ध होतं. साथ आली ती शंभराहून अधिक वर्षांनी. शिवाय प्लेग पिसवांवाटे पसरतो आणि मांजरांनाही होतो. ही साखळी लोकांना आवडते कारण तिच्यात पापाला लगेच शिक्षा मिळते. इतिहासात ती तशी मिळालेली नाही.

त्याच शतकात, त्याच चर्चच्या छायेखाली, इंग्लंडमध्ये एक नियमावली लिहिली गेली. चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत स्वतःला जन्मभर कोंडून घेणाऱ्या व्रतस्थ बायकांसाठी ती होती. तिच्यात स्पष्ट सांगितलं आहे की तुम्ही एका मांजरीखेरीज कोणताही प्राणी पाळू नका. कारणही दिलं आहे. गाय पाळली तर तिच्या चाऱ्याची चिंता आली, गुराख्याची मनधरणी आली, ती कोंडवाड्यात गेली तर भरपाई आली, आणि मन देवावरून उडालं. मांजर काही मागत नाही. लग्न न केलेली, एकटी राहणारी बाई आणि तिची मांजर: आज ज्याची टिंगल होते ते चित्र तेव्हा धर्माने आखून दिलेलं पवित्र जीवन होतं. फरक एवढाच की ती बाई बिशपच्या अधिकाराखाली होती.

पुरुषाच्या बाबतीत काय होतं तेही बघा. नवव्या शतकातल्या एका आयरिश भिक्षूने आपल्या पांगुर बान या पांढऱ्या मांजरावर कविता लिहिली. मांजर उंदराच्या मागे, मी अर्थाच्या मागे, दोघे आपापल्या कामात सुखी. अठराव्या शतकात कोशकार सॅम्युएल जॉन्सन आपल्या हॉज नावाच्या मांजरासाठी स्वतः जाऊन कालवं आणत असे. एकटा पुरुष आणि मांजर असली की विद्वत्ता दिसते, जिव्हाळा दिसतो. त्याच्या जागी एकटी बाई ठेवली की लोक दाराच्या फटीतून बघायला लागतात.

हे बघणं कायद्यात कसं उतरलं, ते इंग्लंडमधल्या 1566 च्या चेम्सफर्डच्या चेटूक-खटल्यात अगदी जवळून दिसतं. एलिझाबेथ फ्रान्सिसच्या कबुलीजबाबानुसार ती बारा वर्षांची असताना आजीने तिला एक मांजर दिलं. नाव सेथन, म्हणजे सैतानच. रंग पांढरा, त्यावर ठिपके. तेव्हाच्या छापील पत्रकात हाच रंग आहे, काळा नाही. तिने त्याला टोपलीत ठेवलं, पाव आणि दूध दिलं. त्याने तिला अठरा मेंढ्या मिळवून दिल्या, त्या पुढे नाहीशा झाल्या. प्रत्येक कामाच्या मोबदल्यात ते रक्ताचा एक थेंब घेई. पंधरा-सोळा वर्षांनी तिने ते मांजर अ‍ॅग्नेस वॉटरहाऊस या म्हाताऱ्या विधवेला एका केकच्या बदल्यात देऊन टाकलं. अ‍ॅग्नेसने त्याला मडक्यात लोकर घालून तीत ठेवलं. पुढे गरिबीमुळे तिला ती लोकर वापरावी लागली, म्हणून तिने प्रार्थना करून मांजराचा बेडूक केला.

लोकरीच्या या तपशिलापाशी मी दर वेळी थांबते. सैतानाशी करार केल्याचा आरोप असलेल्या बाईला मडक्यातली मूठभर लोकर मोकळी करून घ्यावी लागते आहे. 29 जुलै 1566 ला तिला फाशी दिली. एलिझाबेथला त्या वेळी एक वर्षाचा तुरुंगवास झाला आणि 1579 मध्ये पुन्हा खटला होऊन तीही फासावर गेली.

1604 च्या इंग्लिश कायद्याने दुष्ट आत्म्याचा सल्ला घेणं, त्याच्याशी करार करणं, त्याला आसरा देणं, कामाला लावणं, खाऊ घालणं किंवा बक्षीस देणं हे सगळं गुन्ह्यात घातलं. 'खाऊ घालणं' हा शब्द कायद्यात आल्यावर घरात वावरणारं कुठलंही जनावर पुरावा होऊ शकतं. 1645 मध्ये चेटकिणी शोधत फिरणारा मॅथ्यू हॉपकिन्स आणि त्याच्या साथीदारांनी मॅनिंगट्री या गावी एलिझाबेथ क्लार्क या एकाच पायाच्या वृद्ध बाईला रात्रीमागून रात्री जागं ठेवलं. पद्धत अशी: संशयित बाईला झोपू द्यायचं नाही, खोलीत पाळत ठेवून बसायचं, आणि तिची 'पिशाच्चं' तिचं अंग चोखायला येतात का ते बघायचं. तेवढ्यात जे आत येईल ते पिशाच्च. हॉपकिन्सने 1647 मध्ये छापलेल्या पुस्तिकेच्या पहिल्या चित्रात क्लार्कच्या पिशाच्चांची नावं आहेत. त्यात पांढरं मांजराचं पिल्लू एक, बाकी बिनपायांचा कुत्रा, बैलाच्या डोक्याचा लांब तंगड्यांचा शिकारी कुत्रा, काळा ससा आणि मुंगसासारखा एक प्राणी. खटल्यांच्या कागदांत बेडूक, उंदीर, कुत्रे भरपूर सापडतात. मांजर त्यातलं एक होतं.

युरोपच्या मुख्य भूमीवर तर घरातलं पाळीव पिशाच्च ही कल्पना फारशी चाललीच नाही. तिथे बाई स्वतःच मांजर होते. 1480 च्या दशकात जर्मनीत छापल्या गेलेल्या चेटूकविरोधी ग्रंथात स्ट्रासबर्गच्या बाजूची एक गोष्ट आहे: लाकूड तोडणाऱ्या माणसावर तीन मांजरं झेप घेतात, तो त्यांना झोडपतो, आणि नंतर गावातल्या तीन प्रतिष्ठित बायका अंथरुणात जखमी सापडतात. दोन्हीकडे मिळून मारल्या गेलेल्यांत साधारण चारांत तीन बायका होत्या. पण आइसलँडमध्ये जाळलेल्यांत जवळजवळ सगळे पुरुष. तेव्हा 'चेटूक म्हणजे बाई' हे समीकरणसुद्धा सगळीकडे सारखं नव्हतं.

मग बेडूक आणि कुत्रा मागे पडून मांजरच का उरली? माझ्या मते दोन कारणं. बेडूक घरात राहिला नाही, मांजर राहिली. आणि तोवर मांजरीला दुसरा अर्थ चिकटला होता, शरीरविक्रयाचा. इंग्रजीत वेश्येला मांजर म्हणण्याची चाल पंधराव्या शतकापासूनची आहे. विल्यम होगार्थ या इंग्लिश चित्रकाराच्या 1732 च्या चित्रमालिकेतलं तिसरं चित्र काढून बघा. खेड्यातून लंडनला आलेली मॉल आता भाड्याच्या खोलीत पलंगावर आहे, तिच्या पायाशी मांजर शेपटीकडची बाजू उंच करून उभी आहे, आणि पलंगावरच्या भिंतीला चेटकिणीची टोकदार टोपी टांगलेली आहे. दारातून न्यायाधीश माणसं घेऊन आत येतो आहे. चेटकीण, वेश्या आणि मांजर एकाच खोलीत, एकाच चौकटीत. दोन निराळे अर्थ इथे शेजारी टांगलेले दिसतात.

चित्रकारांना हा अर्थ नेमका माहीत होता. तिशियनने 1538 च्या सुमारास रंगवलेल्या व्हीनस या प्रेमदेवतेच्या पायाशी छोटा कुत्रा झोपलेला आहे, म्हणजे निष्ठा. एदुआर मानेने तीच रचना घेऊन 1863 मध्ये 'ऑलिंपिया' हे एका वेश्येचं चित्र रंगवलं आणि कुत्र्याच्या जागी काळी मांजर ठेवली, पाठ उंचावलेली, शेपटी ताठ. 1865 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यावरून गदारोळ झाला. कुत्रा कोणाचा तरी असतो, मांजर कोणाची नसते, हे त्या एका बदलात आलं.

'लग्न न झालेली प्रौढ बाई आणि तिची मांजरं' हे तिसरं चित्र अठराव्या शतकातलं. 1789 मध्ये लंडनमध्ये मांजरीच्या अंत्ययात्रेला निघालेल्या प्रौढ कुमारिकांचं विनोदी चित्र विकलं जात होतं. इंग्रजीतला 'स्पिन्स्टर' हा शब्द मुळात सूत कातणारीचा, म्हणजे स्वतःच्या हाताने कमावणारीचा. पुढे तो अविवाहितेचा कायदेशीर शिक्का झाला, आणि इंग्लंडच्या विवाह नोंदवहीतून गेला तो थेट 2005 मध्ये. ब्रिटनच्या 1851 च्या जनगणनेत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त निघाली, तेव्हा अविवाहित बायकांना 'जादा' मानून त्यांचं काय करायचं यावर लेख लिहिले गेले. चेटकिणीची भीती ओसरली होती, तिच्या जागी कीव आली.

बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यात मांजर दोन्ही बाजूंनी ओढली गेली. विरोधकांच्या पोस्टकार्डांवर बायको मोर्चाला गेलेली, नवरा घरी रडणारं मूल आणि मांजर सांभाळतो आहे. तिथे मांजर म्हणजे बाईचं घर. उपोषण करणाऱ्या कैदी बायकांना अशक्त झाल्या की सोडायचं आणि बऱ्या झाल्या की पुन्हा पकडायचं, असा ब्रिटिश कायदा 1913 मध्ये आला. लोकांनी त्याला 'मांजर-उंदीर कायदा' म्हटलं. 1914 च्या प्रसिद्ध भित्तिचित्रात बाईचा देह तोंडात धरलेलं अवाढव्य मांजर आहे, पण ते मांजर म्हणजे सरकार. आणि 1916 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिस बर्क आणि नेल रिचर्डसन मताधिकाराच्या प्रचारासाठी देशभर मोटार घेऊन फिरल्या, तेव्हा सोबत काळं पिल्लू होतं. गाडी सॅक्सन कंपनीची, पिल्लाचं नावही सॅक्सन.

म्हणून जुनं कार्ड किंवा चित्र समोर आलं की घाईने अर्थ लावू नये. आधी मजकूर वाचावा आणि मांजर बोलते आहे की तिच्यावर बोललं जातंय ते ठरवावं. मग चित्रातली जागा बघावी: मांडीवर, खुर्चीखाली की पलंगाच्या पायथ्याशी. रंग तपासावा, कारण काळा रंग नंतरच्या हॅलोविन कार्डांनी आपल्या डोळ्यांत भरला आहे. सगळ्यात जास्त चुका होतात त्या कापलेल्या चित्रांमुळे. खालची ओळ गेली की सरकारवरचं व्यंग बायकांवरचं होऊन बसतं.

ही जोडी अजून राजकारणात चालते. 2021 मध्ये अमेरिकेतले रिपब्लिकन राजकारणी जे. डी. व्हान्स यांनी एका मुलाखतीत अमेरिका 'मूल नसलेल्या मांजरवाल्या बायका' चालवत असल्याची तक्रार केली. त्यांनी विरोधी पक्षातली नावं घेतली त्यांत तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस होत्या, ज्यांना दोन सावत्र मुलं आहेत, आणि पीट बुटिजेज होते, जे पुरुष आहेत. शिक्का मारायला मांजर लागत नाही आणि बाईही लागत नाही, हे त्यावरून कळावं. सप्टेंबर 2024 मध्ये गायिका टेलर स्विफ्टने अध्यक्षपदासाठी हॅरिस यांना पाठिंबा देताना मांजरीसोबतचा फोटो लावून सहीखाली तेच विशेषण लिहिलं.

'पण असतात ना अशा बायका, घरात चाळीस मांजरं' असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा आहे. संशोधक गॅरी पॅट्रोनेक यांनी 1999 मध्ये अमेरिकेतल्या, घरात बेसुमार प्राणी साठवण्याच्या 54 प्रकरणांचा अभ्यास छापला. त्यात 76 टक्के बायका होत्या आणि बहुसंख्य प्रकरणांत मांजरं होती. हा एक गंभीर त्रास आहे, त्यात प्राणी आणि माणूस दोघांचे हाल होतात. पण ही उलटी वाट आहे: साठवणाऱ्यांत बायका जास्त म्हणून मांजर पाळणाऱ्या बायका साठवणाऱ्या ठरत नाहीत. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पाचशेहून अधिक लोकांची पाहणी करून मांजर पाळणारे इतरांपेक्षा जास्त उदास, चिंताग्रस्त किंवा नात्यांत कच्चे असल्याचा पुरावा मिळाला नाही असं मांडलं.

या समजाचं आजचं सर्वात महागडं रूप डॉक्टरी आहे. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे बायका 'मांजरवेड्या' होतात अशी बातमी अधूनमधून फिरते. लहानपणी घरात मांजर असण्याचा आणि पुढे मनोविकाराच्या लक्षणांचा संबंध 2017 मध्ये लंडनच्या संशोधकांनी हजारो मुलांच्या माहितीत शोधला, तो टिकला नाही. गरोदरपणात मात्र हा संसर्ग खरोखर धोक्याचा असतो, आणि तिथे घाबरून मांजर बाहेर काढली जाते. तसं करायची गरज नसते. मांजर साधारणपणे आयुष्यात पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडेच हे जंतू विष्ठेतून टाकते, आणि ते बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजरीच्या विष्ठेचा ट्रे रोज साफ झाला पाहिजे, एक दिवसाआड चालणार नाही. शक्यतो घरातल्या दुसऱ्या कोणी करावा. कोणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. मांजरीला कच्चं मांस देऊ नये, तिला बाहेर सोडू नये, या महिन्यांत नवं पिल्लू आणू नये. बागेत मातीत हात घालतानाही हातमोजे हवेत. आणि स्वतःच्या ताटातलं मांस पुरतं शिजलेलं हवं: खिमा आतून 71 अंश सेल्सिअस, कोंबडी 74. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांकडे दुर्लक्ष करून फक्त मांजर दूर पाठवली, तर संसर्गाची वाट उघडीच राहते.